गावंडे मॅडमचा पहिला तास

अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांतल्या समस्त नागरिकांस, तसेच नोकरीनिमित्त परगावी गेलेल्या त्यांच्या नातेवाइकांस, या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखक गेली अनेक वर्षे शोभा गावंडे या बाईंवर जळत आला आहे. जळत. मरत नव्हे. हा खुलासा लेखकाच्या पत्नीने वाचून मंजूर केलेला आहे. जळणे अद्याप थांबलेले नाही आणि थांबवण्याचा लेखकाचा विचारही नाही. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.

आता बसा आरामात. सांगतो.

अमरावतीच्या वेशीबाहेर आमचं एक तंत्रनिकेतन आहे. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे. नवी मुलं आली की पहिल्या दिवशी सगळ्या तुकड्यांना मोठ्या हॉलमध्ये एकत्र बसवतात आणि कुणीतरी एकच शिक्षक त्यांचा पहिला तास घेतो. त्या तासात विशेष काही नसतं. व्होल्ट म्हणजे काय, अँपिअर म्हणजे काय, ओम कशाला म्हणतात, मिली आणि मायक्रोत फरक काय, मीटर कसा धरायचा. बस. पण या तासाची जादू अशी की, दर्यापूरहून जीपमध्ये कोंबून आलेलं, घाबरून पाणी पाणी झालेलं पोरगं ज्याच्या तोंडून ‘व्होल्ट’ हा शब्द पहिल्यांदा ऐकतं, त्यालाच ते जन्मभर ‘माझे सर’ म्हणतं. पुढे तीन वर्षं बाकीचे शिक्षक घसा कोरडा करून त्याला काय काय शिकवतात. लग्नाची पत्रिका मात्र पहिल्या तासवाल्याला येते.

तो तास माझा होता. वर्षानुवर्षं माझा. मी तरुणपणी दोन वर्षं पुण्यात शिकून आलेलो असल्यामुळे माझा ‘ण’ खणखणीत होता. ‘विद्यार्थी मित्रहो’ अशी सुरुवात करून मी फळ्यावर दहाचे घात असे काही सुंदर अक्षरात मांडायचो की पुसायला रशीदभाईंचा हात धजत नसे. रशीदभाई आमचे प्रयोगशाळा परिचर.

मग एका जुलैत माझा घसा बसला.

प्राचार्य म्हणाले, “राऊत सर, तुम्ही गुळण्या करा. त्या नवीन गावंडे मॅडम आल्यात ना, आजच्या दिवस त्या घेतील.”

आजच्या दिवस!

मी स्टाफरूममध्ये मिठाच्या पाण्याचा पेला घेऊन बसलो होतो. हॉल भिंतीपलीकडेच. थोड्या वेळाने तिकडून हसण्याचा आवाज आला. मला वाटलं, बाईंची फजिती झाली. बरं वाटलं. मग पुन्हा हसले. मग टाळ्या. अहो, अँपिअरवर टाळ्या! मी गुळणी गिळली.

या गावंडे मॅडम मूळच्या हिवरखेडच्या, सासर अकोल्याचं. रोज अकोल्याहून एसटीने यायच्या. सुती साडी, खाली खेळाचे बूट, चष्मा कायम डोक्यावर, आणि तो सापडत नाही म्हणून सगळ्या जगावर राग. पर्समध्ये कंगवा नसला तरी चालेल, टेस्टर असायचाच. अक्षर असं की फळ्यावर कोंबड्यांची झुंज झाली असावी. आणि भाषा? अस्सल वऱ्हाडी. ‘मी इथी शिकवाले आली, भाषण द्याले नाही,’ हे त्यांनी प्राचार्यांना पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. एक सेकंदाचा दहा लाखावा भाग समजावून सांगणारी ही बाई परतीची गाडी मात्र हमखास चुकवायची. खिडकीतून त्यांना रस्त्याने धावताना बघणं हा माझ्या दिवसातला एक निर्मळ आनंद होता.

त्या पहिल्या तासात त्यांनी काय केलं होतं ते मला नंतर कळलं. कसं कळलं? दर्यापूरच्या माझ्या मावशीने मोबाइलवर पाठवलं. कुण्या पोराने तासाचं चित्रण करून सोडलं होतं आणि ते गावोगाव फिरत होतं. खाली मावशीने लिहिलं होतं, ‘तुमच्या कॉलेजातल्या ह्या बाई किती छान शिकवतात! तू पण असंच शिकवत जा.’

मी ते दार लावून पाहिलं.

“पोरायनो,” मॅडम सांगत होत्या, “समजा आपण अमरावतीहून अकोल्याच्या गाडीत बसलो. अमरावती म्हंजे मेगा. मोठं गाव, एकावर सहा शून्य. गाडी निघाली, बडनेरा आलं. तीन शून्य खाली उतरले. उरलं काय? किलो. मंग आलं मूर्तिजापूर. अजून तीन उतरले. आता ना मेगा, ना किलो. नुसता साधा व्होल्ट, नुसता साधा ओम. चहा प्या. गाडी पुढं निघाली. आता उतराले शून्यच नाही उरले, तं कंडक्टर दशांश चिन्हाच्या पल्याड मोजून राहिला. बोरगाव मंजू, मिली. अकोला, मायक्रो. अन् ज्याले अजून पुढं जायचं असंन त्यानं पातूरले जावं. तठी नॅनो.”

अकोल्याचा एक पोरगा उठला. “मॅडम, आमचं अकोला काहून एवढं बारकं?”

“बारकं? बाबू, तुह्या घरच्या पंख्यात कंडेन्सर असते ना, तो अडीच मायक्रोफॅरडचा. मे महिन्यात तो गेला तं तुह्या अकोल्यात माणसाचं काय होते?”

“मरते मॅडम.”

“मंग मायक्रोले बारकं म्हणू नको.”

आणि हॉल हसून कोसळला. माझ्या सुंदर अक्षरातल्या दहाच्या घातांना इतक्या वर्षांत कुणी हुं म्हटलं नव्हतं, आणि इथे एसटीच्या थांब्यांना टाळ्या!

त्या वर्षी तोंडी परीक्षेत मी एका मुलाला मुद्दाम विचारलं, “दहाचा उणे तीन घात म्हणजे?”

“बोरगाव मंजू, सर.”

मी म्हटलं, “तंत्रनिकेतनाच्या तोंडी परीक्षेत बोरगाव मंजू हे उत्तर असू शकत नाही.”

तो गडबडला. घाम पुसत म्हणाला, “मंग त्याच्या आधीचं कुरणखेड का, सर?”

बाईंचा दुसरा हेका एककाचा. नुसती संख्या ऐकली की त्यांना अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. पोराने ‘पाच’ असं उत्तर दिलं की त्या विचारायच्या, “पाच काय? पऱ्हाट्या?” पेपरात एकक विसरलं की त्या उत्तरापुढे लाल शाईने ‘पऱ्हाट्या’ लिहून द्यायच्या. शेतकऱ्याची पोरं ती. कापसाची वाळकी झाडं चुलीत घालायच्या कामाची, हे त्यांना ठाऊक. लाजून एकक लिहायला शिकली. हा हेका वर्गापुरता नव्हता. शिपायाने ‘मॅडम, दोन राहिले’ म्हटलं तरी ‘दोन काय?’ घराकडून ‘किती वेळ लागेल’ असा फोन आला आणि आम्ही ‘दहा’ म्हटलं, तरी शेजारच्या टेबलावरून ‘दहा काय?’

त्यांना एकदाच कुणी पकडलं. रशीदभाई चहा करत होते. त्यांनी विचारलं, “मॅडम, शक्कर?”

“एक.”

रशीदभाई चमचा हवेत धरून थांबले. “एक क्या, मॅडम? एक बोरा?”

बाई इतक्या हसल्या की डोक्यावरचा चष्मा चहात पडला. मला वाटलं होतं, चिडतील. माणसाने अशा वेळी चिडायला हवं. नाही चिडला तर त्याच्यावर जळणाऱ्याने करायचं काय?

मीटरच्या बाबतीत तर आमचं उघड वैर. माझ्या प्रयोगशाळेत मीटर कपाटात असत. मी ते काढून, जोडून, वाचून दाखवायचो. मुलं दुरून बघायची, आकडा वहीत उतरवायची. एकही मीटर बिघडला नाही. मॅडमकडे पहिल्याच दिवशी पोरांच्या हाती मीटर, आणि आठवड्याभरात फ्यूज उडालेले. करंट मोजायच्या खाचेत वायर ठेवून पोरं मीटर सरळ बॅटरीच्या दोन टोकांना लावायची. नळीतून वाहणारं पाणी मोजायचं तर मापक नळीच्या मध्ये बसवावं लागतं. ही टाकीलाच भोक पाडायची. फट्. फ्यूज गेला.

प्राचार्यांनी बोलावून घेतलं. “मॅडम, फ्यूज फार उडतात हो तुमच्याकडे.”

“सर, फ्यूज असते कायले? उडाले तं असते. आज नाही उडाला तं तो पोरगा जिंदगीभर मीटरले भ्यायल.”

पण फ्यूज उडवायचीही त्यांच्याकडे एक शिस्त होती. मीटर टेकवण्याआधी मोठ्याने अंदाज सांगायचा. अंदाज न सांगता मीटर लावला तर मीटर काढून घ्यायच्या. एकदा मी त्यांच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी सहज उभा होतो. सहज म्हणजे लपून. बाकावर नऊ व्होल्टची ती चौकोनी बॅटरी, तिला एक किलोओमचा रेझिस्टर. निकिता नावाची एक मुलगी मीटर घेऊन उभी.

“बोल माय, करंट किती येईन?”

“नऊ, मॅडम.”

“नऊ काय?”

“नऊ... अँपिअर.”

“अवो माय! नऊ अँपिअर? तेवढ्यात तं घरचा गिझर चालते. या एवढ्याशा सेलवर तू आंघोळीचं पाणी तापवतं का?”

निकिता खुदकन हसली, मग कपाळाला हात लावून विचार करायला लागली. मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मला बोलायची इतकी घाई झाली की मी खिडकीचा गज धरला.

“मॅडम, व्होल्ट साधे हायेत, म्हंजे मूर्तिजापूरले. ओम किलो हाय, म्हंजे बडनेऱ्याले. अडचण हजारपट, तं करंट हजारपट कमी. तो बोरगाव मंजूले उतरन. नऊ मिलीअँपिअर!”

“लाव आता मीटर.”

आकडा आला आठ पूर्णांक नऊ. ती पोरगी अशी ओरडली की जणू तो करंट तिनेच जन्माला घातला. “थोडा कमी काहून, मॅडम?”

“सेल वापरलेला हाय, अन् रेझिस्टरबी देवानं नाही, कारखान्यानं बनवला. थोडा इकडं तिकडं चालते. पाह्य, मीटर म्हंजे साक्षीदार. साक्षीदार खोटं बोलून राहिला का खरं, हे तुले कळाले पायजे. अंदाजच नसंन तं तू त्याच्या थोबाडाकडंच पाहत बसशीन.”

माझ्या मुलांनी मीटरवरचे हजारो आकडे उतरवले असतील. ओरडलं कुणी नव्हतं.

घरीही सुटका नाही. उन्हाळ्यात सौभाग्यवतींनी हळदीकुंकवाला मॅडमना बोलावलं. आमचा तो लोखंडी कूलर, पाण्याने भरलेला, पूर्ण वेगात. सगळ्या बायका त्याच्यासमोर गोळा झालेल्या. मॅडमनी कुंकू लावून घेतलं, पर्समधून टेस्टर काढला आणि कूलरच्या अंगाला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला, लख्ख!

“वहिनी, बटन बंद करा आधी. याच्या अंगात आलं हाय.”

बायको माझ्याकडे वळली. “अहो, मला झिणझिण्या येतात म्हटलं तर तुम्ही काय म्हणायचे? तुझा हात ओला असतो म्हणून!”

मॅडमनी पदर खोचला, मागचं झाकण उघडलं आणि घासून सोललेली वायर व माझ्या हाताने कधीच न जोडली गेलेली अर्थिंगची तार दोन्ही दाखवल्या. त्या दिवसापासून आमच्या घरात विजेविषयी माझं मत कुणी विचारत नाही. परवा रिमोटमधला सेल बदलायचा होता, तर बायको म्हणाली, “मॅडमना फोन करून विचारू का?”

कूलरच्या त्या फजितीनंतर मात्र मी प्राचार्यांकडे गेलो. म्हटलं, “सर, पहिल्या तासाला बडनेरा, मूर्तिजापूर! हे तंत्रनिकेतन आहे की बसस्थानक? मला माझा तास परत हवा.”

आमचे प्राचार्य अत्यंत शांतताप्रिय. त्यांनी ठरवलं, यंदा तास वाटून घ्या. अर्धा राऊत सर, अर्धा गावंडे मॅडम.

मी जीव ओतला. काचेची टाकी करून घेतली, तिला पारदर्शक नळी, पाण्यात निळा रंग. टाकी उंच धरली की पाणी जोरात येतं. ती उंची म्हणजे व्होल्टेज. नळीतून वाहतं ते पाणी म्हणजे करंट. नळी चिमटली की पाणी अडतं. तो चिमटा म्हणजे रेझिस्टन्स. मी स्टुलावर चढून हे सगळं करून दाखवलं. आणि खरं सांगतो, छान झालं! दुसऱ्या रांगेतल्या एकाने टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. मी घाम पुसत खाली बसलो आणि मिशीवरून हात फिरवला.

मॅडम उठल्या. “राऊत सरायनं एवढी झकास टाकी आणली, आता मी वेगळं काय सांगू? सर, जरा वापरू का तुमची टाकी?”

भर सभेत नाही कसं म्हणणार?

त्यांनी तीन पोरं पुढे बोलावली. एकाच्या डोक्यावर टाकी दिली. “तू व्होल्ट.” दुसऱ्याला नळीवर पाय ठेवायला लावला. “तू ओम.” तिसऱ्याच्या हातात प्लास्टिकचा मग देऊन नळीच्या टोकाशी बसवलं. “तू अँपिअर. ओमभाऊ, पाय जरा दाबा. हं, अँपिअर, काय खबर?”

“मॅडम, पाणीच नाही येऊन राहिलं.”

“मले काहून सांगतं? त्या दोघायले सांग.”

“ए ओम, पाय काढ ना!”

“मॅडम, मी नाही काढत. मले दाबाले सांगलं.”

“मंग व्होल्ट, तू चढ ना बे स्टुलावर!”

व्होल्ट चढला. पाणी सुटलं. सगळा हॉल उभा राहून तिघांना सल्ले देत होता, आणि ओमचा नियम कुणी न सांगता प्रत्येक पोराच्या घशातून बाहेर येत होता. त्या मुलाला आजही सगळे व्होल्टच म्हणतात. पुण्यात नोकरीला आहे. लग्नाची पत्रिका पाठवली त्याने. मॅडमना.

पुढच्या वर्षी प्राचार्य म्हणाले, “राऊत सर, एवढं छान जमतंय त्यांना, तर पूर्ण तासच देऊन टाकू. टाकी मात्र तुमचीच बरं का!”

काही वर्षांनी संस्थेने मॅडमची बदली अकोल्याच्या आपल्या दुसऱ्या तंत्रनिकेतनात केली. घर तिथे, रोजची गाडी वाचली. निरोपाला मी फार हृद्य बोललो. मनात लाडू फुटत असले की माणूस हृद्यच बोलतो. त्या जुलैत तास माझा झाला. पूर्ण. मी नवा शर्ट घातला. ‘विद्यार्थी मित्रहो’ म्हणालो. टाकी, नळी, दहाचे घात, काहीही चुकलं नाही. मुलांनी मुकाट्याने लिहून घेतलं. स्टाफरूममध्ये आलो तर रशीदभाईंनी चहा पुढे केला.

“कैसा हुआ, रशीदभाई?”

त्यांनी माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली. भला माणूस. “बहोत अच्छा, सर. एकदम शांती थी.”

यंदा जुलैमध्ये संस्थेच्या बैठकीसाठी मी अकोल्याला गेलो होतो. नेमका तिथे नव्या मुलांचा पहिला दिवस. दारातच मॅडम भेटल्या. केस बरेच पिकलेले, बूट तेच. “या या, राऊत सर! वहिनी काय म्हणते? कूलर बरा हाय ना?”

मी हळूच काडी टाकली. “मग, इथला पहिला तास तुमचाच असेल!”

“छे वो!” त्या भलत्याच मोकळेपणाने म्हणाल्या. “इथी एक तरणे मास्तर हायेत, तेच घेतात. त्यायचाच मान हाय तो. मले कायचं त्याचं? मी सुटली. चाला, बसू मागं, हवा लागते तिकडं.”

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. समोरचा तरुण शिक्षक नीटनेटका, शर्ट खोचलेला, अक्षर सुरेख. मला त्याच्यात कुणीतरी ओळखीचं दिसत होतं. व्याख्या अचूक, एककं बिनचूक. मुलं मान खाली घालून लिहीत होती. मॅडम पर्सचा बंद घट्ट पिळत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. तो एखादं वाक्य म्हणायच्या आत त्यांचं वाक्य तयार होई, आणि त्याचं वेगळंच निघालं की त्या नाकाने जोरात श्वास सोडत. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला जे दिसलं ते मी आरशात इतक्या वेळा पाहिलेलं होतं की चुकायची सोयच नव्हती. बाई जळत होत्या! गावंडे मॅडम, साक्षात, माझ्या शेजारी, माझ्यासारख्याच! काय सांगू, मला इतकं प्रेम दाटून आलं त्यांच्याविषयी.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक मुलगी भीत भीत उठली. “सर, मायक्रो म्हंजे किती लहान?”

“दहाचा उणे सहावा घात.”

“हो सर. पण म्हंजे किती लहान?”

“दशलक्षांश. लिहून घे.”

मुलगी खाली बसली. तिने लिहून घेतलं. पण मान वर करून ती अजून फळ्यावरच्या त्या आकड्याकडेच बघत होती, दाराबाहेर उभं राहिल्यासारखी.

माझ्या शेजारचं बाक करकरलं. पर्स माझ्या मांडीवर येऊन पडली. खरं तर मीही उठणारच होतो, उत्तर माझ्याही ओठांवर आलं होतं, निळी टाकी, नळी, सगळं घेऊन. पण तोंड उघडण्यातही बाईंनी मला मागे टाकलं. सगळा हॉल मागे वळला. गावंडे मॅडम दोन रांगांमधून खेळाच्या बुटांनी भराभर पुढे निघाल्या होत्या, एक हात लांब करून, आणि वाटेतच त्यांच्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, “अवो सर, सरका जरा बाजूले, अन् तो खडू द्या मले!”